ऑल-वेदर रेसिंग : 'मागच्या वेळी तिसरा आला' म्हणजे नक्की काय?

खाडीपलीकडचा
मंडळी, मी ऐरोलीत राहतो आणि ब्रिटनच्या घड्याळावर नोकरी करतो. हिवाळ्यात रात्री साडेदहाला आमची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि वुल्वरहॅम्प्टनला फ्लडलाइटखाली घोडे पळायला लागलेले असतात. एका हाताने डबा उघडायचा, दुसऱ्याने मोबाइलवर रेस लावायची, ही सवय तीन-चार वर्षांपासून लागली आहे. पैसे लावत नाही (बायको हा धागा वाचणार आहे, पण कारण ते नाही). कोणी शब्दकोडं सोडवतं, मी रेसकार्ड (रेसमधल्या घोड्यांची माहितीची यादी) सोडवतो.

कार्डावर घोड्याच्या नावापुढे आकडे असतात, उदाहरणार्थ ४२०-३१. सगळ्यात उजवीकडचा आकडा सगळ्यात ताजा. ० म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे. आडवी रेघ म्हणजे वर्ष बदललं. पहिलं वर्षभर मी या आकड्यांकडे मुलांच्या प्रगतिपुस्तकासारखं बघायचो. १-१-२ म्हणजे हुशार, ७-८-० म्हणजे ढ. आणि महिन्यातून वीस दिवस तोंडावर आपटायचो.

थोडी पार्श्वभूमी. ऑल-वेदर म्हणजे गवत नाही आणि अमेरिकेतली डर्टही (माती-वाळूची धावपट्टी) नाही. वाळू, कृत्रिम धागे, रबर असं मिश्रण आणि त्यावर मेणाचा लेप. पाणी खाली झिरपून जातं, त्यामुळे पावसात चिखल होत नाही. ब्रिटनमध्ये लिंगफील्डला १९८९च्या ऑक्टोबरअखेर याची सुरुवात झाली. आज अशी सहा रेसकोर्स आहेत. लिंगफील्ड, केम्प्टन आणि चेम्सफर्ड सिटीला पॉलीट्रॅक. वुल्वरहॅम्प्टन, न्यूकॅसल आणि साउथवेलला टपीटा. ही दोन्ही अशा मिश्रणांची ब्रँडनावं. सहाही ठिकाणांना 'ऑल-वेदर' हे एकच नाव आहे, आणि माझा सगळा घोळ त्या एका नावाने झाला.

२०२२च्या हिवाळ्यातली गोष्ट. साउथवेलच्या कार्डात एक म्हातारा घोडा होता. त्याच मैदानावर पाच वेळा जिंकलेला, नावापुढे कोर्स विनरचा C, रेटिंग (ताकदीचा अधिकृत आकडा, त्यावरून घोड्याने वाहायचं वजन ठरतं) घसरत घसरत तळाला आलेलं. मला वाटलं, घबाड हाती लागलं! टीममधल्या चौघांना उठवून रेस दाखवली. घोडा पहिल्या वळणापासून मागे होता तो शेवटपर्यंत मागेच राहिला. नंतर खणलं तेव्हा कळलं की साउथवेलला आधी फायबरसँड होतं, खोल, जड, मागच्या घोड्याच्या तोंडावर वाळू मारणारं. ते काढलं आणि डिसेंबर २०२१पासून तिथे टपीटा आलं. घोड्याचे पाचही विजय त्याआधीचे. मैदानाचं नाव तेच, पण त्याच्या पायाखालची जमीनच बदलली होती. वुल्वरहॅम्प्टनचंही तसंच आहे: आधी फायबरसँड, २००४पासून पॉलीट्रॅक, २०१४पासून टपीटा.

कांगा लीग माहीत असलेल्यांना सांगायची गरज नाही. भर पावसात, ओल्या विकेटवर, गुडघाभर गवताच्या आउटफील्डवर काढलेले चाळीस रन आणि वानखेडेवर काढलेले चाळीस रन वहीत सारखेच दिसतात.

तर फॉर्म कसा वाचायचा, यावर गप्पा मारूया. इथे रेसचं वेड असलेलं कोणी आहे का?

संपादक मंडळ
धागा ठेवत आहोत. टिप्स, बुकींचे नंबर, ॲपच्या लिंक दिसल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

चिंगी_मानपाडा
घोडबंदर रोडला राहून घोड्यांच्या धाग्यावर पहिला प्रतिसाद नाही दिला तर पाप लागेल. आमच्याकडे म्हणे बंदरावर अरबी घोडे उतरायचे, आता कंटेनर उतरतात. पण खरंच 'ऑल-वेदर'? आमच्या रस्त्याचंही टेंडरमध्ये तेच नाव असेल.

खाडीपलीकडचा
@चिंगी, नाव जरा फुगवलेलंच आहे. धुकं, बर्फ, कडक गोठण, जोराचा वारा असला तर तिथल्याही रेसेस रद्द होतात. मेण असल्यामुळे तापमानाचा परिणाम होतो; ऊन वाढलं की मेण मऊ पडतं आणि मैदानाचा पोत बदलतो. कार्डावर बहुतेक वेळा 'स्टँडर्ड' लिहिलेलं असतं, फार तर 'स्टँडर्ड टू स्लो'. तेवढ्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही.

नौपाड्याचे_नाना
मी आहे. सत्तरी ओलांडली. ठाण्याहून दादर, पूल ओलांडून वेस्टर्न, मग महालक्ष्मी. नोव्हेंबर ते एप्रिल हा कार्यक्रम चाळीस वर्षं केला. आता गुडघे आणि सूनबाई दोन्ही परवानगी देत नाहीत. पावसाळ्यात सीझन पुण्याला, तिकडे मित्रांबरोबर जायचो.

तुमचं सिंथेटिक मला कळत नाही, पण वाळू कळते. महालक्ष्मीची रेस गवतावर आणि सकाळचं ट्रॅकवर्क वाळूवर. छापून यायचं, अमुक घोड्याने ६०० मीटर ३८ सेकंदांत केले, सहज पळाला. गर्दी त्याच्यावर तुटून पडायची. आमच्या ग्रुपमध्ये त्याला 'सकाळचा घोडा' म्हणायचे. सकाळी वाघ, दुपारी गवतावर उतरला की गोगलगाय. उलटही असायचे, सकाळी आळसावलेले, आणि रेसच्या दिवशी सगळ्यांना धूळ चारायचे.

आणखी एक. पेनेट्रोमीटरचा (जमीन किती मऊ ते मोजणारं यंत्र) आकडा आणि फॉल्स रेल (आतलं कुंपण सरकवून लावतात ते) किती मीटरवर लावली आहे, हे दोन बघितल्याशिवाय आम्ही कार्डाला हात लावत नसू. तुमच्याकडे रेल हलवतात का?

खाडीपलीकडचा
नाना, या बसा. रेलची भानगड तिकडे गवतापुरती. ऑल-वेदरला रेल जवळपास तिथेच असते, म्हणून तर स्टॉल नंबरचा (सुरुवातीला घोडा कुठल्या खणातून सुटतो) अभ्यास करता येतो. वुल्वरहॅम्प्टनचं वर्तुळ छोटं, वळणं घट्ट; बाहेरच्या स्टॉलचा घोडा लवकर आत घुसला नाही तर वळणावर लांबून फिरतो. न्यूकॅसलला एक मैलाची रेस पूर्ण सरळ, आणि शेवट चढावर. तिथे मागून येणाऱ्यांना संधी असते. लिंगफील्डला उतरणीवरून वळण घेऊन छोट्या स्ट्रेटमध्ये (शेवटच्या सरळ पट्ट्यात) यायचं. केम्प्टन एकटंच उजव्या हाताचं, म्हणजे आपल्या महालक्ष्मीसारखं घड्याळाच्या दिशेने. बाकी सगळे डावीकडे वळतात.

सानपाडा_स्लो_लोकल
शब्दकोडं वगैरे ठीक आहे हो. माझ्या मामाचं कळव्याचं घर याच 'अभ्यासा'त गेलं. त्याच्याकडेही वह्या होत्या, रंगीत पेनांनी आखलेल्या.

टोटवाला_कोपरी
सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे. विषय संपला.

सानपाडा_स्लो_लोकल
कोर्टाने मामाची वही पाहिली नव्हती.

नौपाड्याचे_नाना
सानपाडा, तुमचं बरोबर आहे. मी घर घालवलेली माणसं पाहिली आहेत, आणि त्यातले दोघे माझ्यापेक्षा चांगला फॉर्म वाचायचे. टोटवाला, कायद्याचं राहू द्या.

गणिती_बेलापूर
मुद्द्यावर येतो. मला घोडे फक्त लग्नाच्या वरातीतले माहीत आहेत, पण आकडे आवडतात, म्हणून दोन दिवस वाचत बसलो.

घोडा तीन लेंथने (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला म्हणजे किती हरला? ढोबळमानाने एका सेकंदात सहा लेंथ धरतात, म्हणजे तीन लेंथ अर्धा सेकंद. वजनात मोजायचं तर अंतर लागतं. पाच फर्लांगात एका लेंथला साधारण ३ पौंड, मैलाला २च्या आसपास, दोन मैलांना १. म्हणजे स्प्रिंटमध्ये तीन लेंथने हरलेला घोडा नऊ पौंडांनी कमी पडला, लांब पल्ल्यात तेवढ्याच अंतराने हरलेला तीन पौंडांनी. (फर्लांग म्हणजे २०१ मीटर, माझ्यासारख्यांसाठी.)

पण हे सगळं गृहीत धरतं की रेस एका वेगात पळाली. ती तशी पळत नाही. दोन रेसेस घ्या, दोन्ही १६०० मीटर, आकडे माझे:

पहिली ९८ सेकंदांत संपली, शेवटचे ४०० मीटर २३.५ सेकंदांत. पूर्ण रेसचा सरासरी वेग सेकंदाला १६.३ मीटर, शेवटचा १७. म्हणजे शेवटचा टप्पा सरासरीच्या १०४ टक्के. सुरुवातीला सगळे रमतगमत गेले आणि शेवटी धावले. अशा रेसमध्ये मागे असलेला कितीही जोरात आला तरी पुढचे दमलेले नसतात. सगळे गठ्ठ्याने पोचतात, अंतरं कमी दिसतात.

दुसरी ९६.५ सेकंदांत, शेवटचे ४०० मीटर २४.८ सेकंदांत. इथे प्रमाण ९७ टक्के. पुढच्यांनी सुरुवातीलाच दम घालवला. मागे निवांत बसलेला घोडा शेवटी 'उडत' येतो. तो उडत नसतो, बाकीचे थांबत असतात.

खाडीपलीकडचा
गणिती, दंडवत. मला हे समजायला एक वर्ष लागलं, तुम्ही दोन दिवसांत मांडलंत. लिंगफील्डला पहिला प्रकार फार दिसतो. लांब पल्ल्याच्या रेसेस हळू जातात, वळणापासून धावाधाव, आणि पहिल्या सात घोड्यांत चार लेंथचं अंतर. त्यात सातवा आलेला घोडा कार्डावर '७' म्हणून बसतो.

डॉ_घारघर
खारघर लिहायचं होतं, आयडी घेताना बोट घसरलं, आता बदलता येत नाही. परळच्या पशुवैद्यक कॉलेजची विद्यार्थिनी. सध्या कुत्री-मांजरंच जास्त, पण इंटर्नशिपमध्ये घोडे हाताळले आहेत.

डर्टवर खूर टेकला की थोडा पुढे घसरतो आणि मग जमीन मागे फेकतो. सिंथेटिकवर घसरण कमी असते, पकड गवताच्या जवळची. म्हणून गवतावरचे घोडे तिथे बऱ्यापैकी जुळवून घेतात, डर्टवरचे अडखळतात. अमेरिकेत घोड्यांच्या जीवघेण्या दुखापतींची जी नोंद ठेवली जाते, तिच्यात सिंथेटिकवरचं प्रमाण डर्टपेक्षा कमी आहे.

दुसरं म्हणजे तोंडावर उडणारा मारा. मागून पळणाऱ्याच्या डोळ्या-नाकात तो जातो. काही घोडे दुर्लक्ष करतात, काही मान वर करतात आणि पळणंच सोडून देतात. तो घोडा त्या दिवशी नववा आला तर त्याची ताकद कमी होती असं नाही, त्याला ते आवडलं नाही. हे आकड्यात दिसत नाही, रेस बघावीच लागते.

खाडीपलीकडचा
डॉक्टर, तुमच्या पहिल्या मुद्द्याचं ठसठशीत उदाहरण २००८च्या ब्रीडर्स कप क्लासिकचं, अमेरिकेतल्या मोठ्या रेसचं. सांता अनिताला तेव्हा प्रो-राइड हे सिंथेटिक होतं. डर्टचा राजा कर्लिन चौथा आला, आणि पहिले दोन युरोपातले गवतावरचे घोडे, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर. पुढच्या वर्षी तिथेच झेन्याटा ही घोडी जिंकली. मग लोक म्हणायला लागले की ही फक्त सिंथेटिकची घोडी. २०१०मध्ये चर्चिल डाउन्सच्या डर्टवर ती ब्लेम या घोड्याकडून डोक्याच्या अंतराने हरली, वीस रेसेसमधली एकमेव हार. माझ्या मते त्या हारेने लोकांचं म्हणणं खोटं पाडलं. सिंथेटिकपुरती असती तर डोक्याच्या अंतराने हरली नसती.

आणि 'ऑल-वेदर म्हणजे थकलेल्या घोड्यांचा वृद्धाश्रम' असं म्हणणाऱ्यांना एनेबल ही घोडी दाखवा. पहिली रेस नोव्हेंबर २०१६, न्यूकॅसलच्या टपीटावर. २०१८ला दुखापतीतून परतली ती केम्प्टनच्या पॉलीट्रॅकवर, आणि पुढच्याच महिन्यात पॅरिसला आर्क ही मानाची रेस जिंकली. मात्र रोज रात्री जे मी बघतो ते क्लास ६, म्हणजे खालच्या दर्जाच्या रेसेस, त्यात एनेबल नसते.

टोटवाला_कोपरी
एवढं ज्ञान आहे तर रेसच्या आधी सांगा की. झाल्यावर सगळेच पंडित.

खाडीपलीकडचा
मान्य. उद्या रात्रीची वुल्वरहॅम्प्टनची एक रेस देतो. एक मैल १४२ यार्ड, क्लास ६ हँडिकॅप (रेटिंगनुसार वजन देऊन घोडे सारखे करायचे), टपीटा, नऊ घोडे. नावं देत नाही, संपादकांची झोप मोडायला नको. कामाचे पाच:

क : शेवटच्या दोन्ही जिंकलेल्या, दोन्ही लिंगफील्डला, शेवटच्या क्षणी. पेनल्टी (जिंकल्याबद्दलचं जादा वजन) धरून वजन वाढलं. स्टॉल ९.
ख : उन्हाळ्यात गवतावर जिंकला. ऑल-वेदरचं रेटिंग वेगळं, गवतापेक्षा ८ पौंडांनी कमी. ट्रेनर नुकताच बदलला.
ग : सात वर्षांचा, करड्या रंगाचा. ५६०७. रेटिंग ६६वरून ५४वर. नेहमी पुढे जातो. इथे टपीटावर दोनदा जिंकलेला. स्टॉल २.
घ : न्यूकॅसलच्या सरळ मैलावर तीनदा लागोपाठ दुसरा. मागे धरून ठेवतात.
ङ : तीन वर्षांची घोडी, चारच रेसेस, पहिल्यांदा झापडं लावली आहेत.

उरलेले चार मधल्या गर्दीतून पळणारे. माझं उत्तर क. फॉर्मात आहे, पेनल्टी अजून पचेल. मंगळवारी नवीन रेटिंग लागायच्या आत त्याला पळवतायत, म्हणजे तबेल्याला खात्री आहे.

गणिती_बेलापूर
क. स्टॉल ९ खटकतो, पण क.

डॉ_घारघर
घ. तीन वेळा दुसरा म्हणजे प्रामाणिक प्राणी आहे.

नौपाड्याचे_नाना
ख. एका मैदानावर ८ पौंड जास्त आणि दुसऱ्यावर कमी, असा घोडा नवीन माणसाच्या हातात गेला की पाहावं. आमच्याकडे तबेला बदललेल्या घोड्याने मला दोनदा रडवलंय, एकदा हसवलंय.

चिंगी_मानपाडा
ग. करडा आहे म्हणून. काळोखात उठून दिसेल, डोळ्यांना त्रास नाही.

टोटवाला_कोपरी
ङ. झापडं पहिल्यांदा लावली की घोडा सुटतो.

सानपाडा_स्लो_लोकल
मी बघणार नाहीये. पण निकाल टाका.

खाडीपलीकडचा
निकाल. ग जिंकला, सव्वा लेंथने. पहिल्या पावलापासून पुढे. ङ दुसरी, घ तिसरा. ख पाचवा. क आठवा, पहिल्या वळणावर चार घोड्यांच्या बाहेरून फिरला आणि तिथेच संपला.

चिंगी_मानपाडा
😎

खाडीपलीकडचा
चिंगी, तुमचं उत्तर बरोबर आणि कारण चूक, आमची कारणं सुंदर आणि उत्तरं चूक. पुन्हा कार्ड काढून बसलो तेव्हा लाज वाटली. नऊ घोड्यांत पुढे जाणारा तो एकटा होता. मी स्वतः वर लिहिलं होतं, 'नेहमी पुढे जातो', आणि 'उरलेले चार मधल्या गर्दीतले'. दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवली असती तर झालं असतं. त्याचे ५६०७ बघितले: चारपैकी तीन रेसेसमध्ये त्याच्याबरोबर पुढे जायला आणखी दोघे-तिघे होते आणि सगळ्यांनी मिळून एकमेकांना संपवलं होतं. चौथी न्यूकॅसलला, चढावर. यावेळी आतला स्टॉल, समोर कोणी नाही.

गणिती_बेलापूर
मी वेळा बसवल्या. शेवटच्या ४०० मीटरचं प्रमाण १०५ निघतंय. म्हणजे त्याने रेस झोपवली आणि मग उठवली. जॉकीला अर्धं बक्षीस द्या. आता गंमत पुढे आहे. मंगळवारी त्याचं रेटिंग चढणार, आकड्यांत झळझळीत १ दिसणार, आणि पुढच्या वेळी एखादा दुसरा पुढे पळणारा भेटला की हाच घोडा पुन्हा मागे.

डॉ_घारघर
माझा घ मात्र मला आवडला. वळणावर शेवटचा होता, एका बाजूला रेल, दुसऱ्या बाजूला दोन घोडे. जागा मिळाल्यावर आला.

गणिती_बेलापूर
डॉक्टर, तेच बघत होतो. शेवटचे ४०० मीटर सगळ्यांत जलद त्याचे, जिंकणाऱ्यापेक्षाही. आणि ते अशा रेसमध्ये जिथे मागून येणं जवळपास अशक्य होतं. ङ दुसरी आली ती दोन नंबरवर बसून फुकट आलेली. याच्या तिसऱ्याची किंमत तिच्या दुसऱ्यापेक्षा जास्त आहे.

टोटवाला_कोपरी
दुसरी आली ना? झापडं लागू पडली. मी समाधानी आहे.

नौपाड्याचे_नाना
१९८०च्या आसपास महालक्ष्मीला आमच्याबरोबर एक गृहस्थ यायचे, गोखले रोडला त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. रेस संपली की सगळे पहिल्या घोड्याकडे बघायचे, हे दुर्बीण लावून मागे बघत बसायचे. विचारलं की म्हणायचे, पुढचा पेपरात येणारच आहे. तेव्हा आम्ही हसायचो.

तो घ पुन्हा कधी पळतोय?

खाडीपलीकडचा
गुरुवारी, न्यूकॅसलला, सरळ मैल. आपल्या रात्री साडेअकराला. पुढे जाणारे यावेळी तीन आहेत, मोजून लिहितोय.

नौपाड्याचे_नाना
मला तशीही झोप नसते. कुठे दिसतं ते नातवाला समजेल असं लिहा.